काकांकडचे अकरा जण

ती. बाबा आणि सौ. आई,
सा. न.

बाबा, दिवाळीच्या सुट्टीत काकांच्या घरचे अकरा जण इकडे माझ्या नोकरीच्या अॅम्युझमेंट पार्कला येणार आणि "पोरगी तिथंच आहे, रांगेबिंगेची काळजी नको," असा शब्द तुम्ही देऊन बसलात. फोनवर मी नुसतं "बघते" म्हटलं. तुमच्याशी हे फोनवर बोलणं अवघड. मी "पण" म्हटलं की तुम्ही "हां, आईशी बोल" म्हणून मोकळे. आधी उत्तरच देऊन टाकते. रांग सोडून मी त्यांना आत घेणार नाही. आणि धाकटा नातू "जरा बुटका आहे, सांभाळून घे" म्हणालात, तेही जमायचं नाही. तुम्ही एसटीत कंडक्टर असताना काकांनी तुमच्या गाडीचं स्टिअरिंग इतकी वर्षं धरलं, माझ्या बारशाचा पाळणा सोलापुराहून टपावर टाकून आणला, हे सगळं मला ठाऊक आहे. तरीही.

सुट्टीत इथे गेट उघडायच्या आधीच पार्किंग भरतं. मोठ्या रोलर कोस्टरच्या एका ट्रेनमध्ये वीस माणसं. चष्मे-मोबाइल काढून ठेवायचे, बसायचं, हार्नेस, म्हणजे माणसाला सीटला धरून ठेवणारा दांडा, खाली घ्यायचा, आमच्या पोरांनी प्रत्येक हार्नेस हाताने ओढून बघायचा, दोन्ही बाजूंचे अंगठे वर झाले की ट्रेन सुटते. सगळं सुरळीत चाललं तर तासाला साडेचारशेच्या आसपास लोक बसतात. अकरा जण मधूनच घुसवले की अर्ध्याहून जास्त ट्रेन गेली. ज्यांची गेली ते काही लांब नसतात. रेलिंगच्या पलीकडे दोन हातांवर उभे राहून माझ्याकडेच बघत असतात. त्यात कुणी नाशिकहून पहाटे निघालेलं, कुणाच्या कडेवर झोपलेलं पोर.

आई विचारत होती, एवढं काय भांडतात लोक? अगं, रोज नवा नमुना. कुणी आमदारांचा पीए, कुणी प्रेसवाला, कुणी आरटीओतला. एकाने तर सांगितलं, काल रात्रीच तुमच्या मालकांबरोबर जेवलो. आमचं पार्क कंपनीचं आहे, मालक म्हणून बोट दाखवावं असा एक माणूसच नाही. मी म्हटलं, बरं झालं, पण लाइन इकडून आहे. मग ठरलेलं वाक्य येतं, "मी कोण आहे माहीत आहे का?" नवीन पोरांना मी शिकवते की याला उत्तर द्यायचंच नाही. "नाही" म्हटलं तर अपमान, "हो" म्हटलं तर मग सोडत का नाहीस. हल्ली धमकीही बदललीय. पूर्वी म्हणे "तुझी नोकरी घालवीन" म्हणायचे, आता मोबाइल वर करून "रील टाकतो" म्हणतात.

अशा वेळी आम्ही काय करतो ते सांगते, तुम्हाला ओळखीचं वाटेल. पहिली गोष्ट, त्या माणसाला रांगेपासून चार पावलं बाजूला न्यायचं. "सर, इकडे सावलीत या ना, मी तुमचं ऐकते." निम्मा राग तिथेच उतरतो, कारण बघणारे राहत नाहीत. बायकोसमोर, मेहुण्यासमोर "बघ, कसं काम करून घेतो" असं म्हणून आलेला असतो बिचारा, त्याला माघार घ्यायला वाट लागते. दुसरं, आवाज त्याच्यापेक्षा खाली ठेवायचा. आणि "नियम आहे" या शब्दांनी कधी सुरुवात करायची नाही. काय करता येईल ते आधी सांगायचं. चार वाजता गर्दी उतरते तेव्हा या, तोवर मुलांना वॉटर पार्कमध्ये न्या, असं. बहुतेक जण ऐकतात. जे ऐकत नाहीत ते "मॅनेजरला बोलाव" म्हणतात.

बाबा, खरी गोम इथे आहे. ऑपरेटरचा नकार वरच्याने मोडला की संपलं. त्या दिवसापासून त्या पोराच्या शब्दाला किंमत नाही, आणि गेस्टला कळतं की ओरडलं की मिळतं. मी आधी जिथे होते तिथे एक ड्यूटी मॅनेजर येता येताच "अरे सोड ना, कशाला वाढवतो" म्हणायचे. त्यांच्या शिफ्टला सगळ्यात जास्त भांडणं व्हायची. आता बोलवणं आलं की मी जाते, गेस्टचं पूर्ण ऐकते आणि ऑपरेटरने सांगितलं तेच सांगते, फक्त जास्त गोड करून. नंतर त्या पोराला दहा मिनिटं मागे पाठवते, चहा पिऊन ये म्हणून. जवळच्या वाडीवरची पोरं आहेत ही, विशी-बाविशीतली. आठ तास उन्हात उभं राहायचं आणि आपल्या बापाच्या वयाच्या माणसाकडून "ए, तुझी लायकी काय" ऐकायचं.

आता बुटक्या नातवाचं. मोठ्या कोस्टरला १४० सेंटीमीटर उंची लागते. प्रवेशाला पट्टी आहे, तिच्याखाली उभं करतो. गेल्या महिन्यात एक गृहस्थ मुलीला घेऊन आले, मुलगी १३६. आईने केस उंच बांधून वर अंबाडा घातलेला, बुटात टाचेखाली रुमालाची घडी. तिला चालतासुद्धा येत नव्हतं धड. मी केस दाबून पट्टी टेकवली तशी ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "ताई, मला नाहीच बसायचं, मला भीती वाटते." तोवर वडिलांनी फोन लावून माझ्या हातात दिला होता. "बोला, साहेब आहेत." मी साहेबांशी बोलले. नमस्कार केला, उंची सांगितली, ट्रेनमध्ये का बसवत नाही तेही सांगितलं. साहेब म्हणाले, "मग नका बसवू, मला कशाला फोन दिलाय?" आणि ठेवला. फोन परत देताना त्या गृहस्थांचा चेहरा... मला हसू आवरेना, पण आवरलं. मुलीला मी एक कार्ड दिलं, पुढच्या वर्षी उंची मोजायला ये म्हणून. तिने ते छातीशी धरलं आणि आईला म्हणाली, "आता टोराटोरा राइडमध्ये बसू?"

ही उंची कुणाच्या हट्टाने ठरलेली नाही. कोस्टर टेकाडावरून खाली सुटतो तेव्हा क्षणभर अंग सीटवरून उचललं जातं. लोक त्याच्यासाठीच तर येतात. त्या वेळी माणसाला धरून ठेवतो तो फक्त हार्नेस, आणि तो एवढ्या मांडीच्या, एवढ्या खांद्याच्या माणसाला धरेल असा बनवलेला असतो. लहान पोर त्यात म्हणजे बापाच्या बुटात घातलेला पाय. चार सेंटीमीटरने काय होतं, असं सगळेच विचारतात. एखाद्या वेळी काहीच होणार नाही. पण मला त्या ट्रेनला "जा" म्हणायचं असतं.

उलटंही होतं, अंगाने फार मोठ्या माणसांना हार्नेस बसत नाही. त्यांचा विषय आणखी नाजूक. शंभर लोकांसमोर एखाद्याला उठवून बाहेर काढणं फार वाईट दिसतं. म्हणून बाहेर एक रिकामी सीट ठेवलीय, रांगेत लागायच्या आधीच बसून बघा म्हणायचं. तरी कुणी आत पोचतोच, आणि म्हणतो, "जोर लावा, बसेल." आम्ही जोर लावत नाही. अमेरिकेत ऑर्लँडोला आयकॉन पार्कमध्ये मार्च २०२२ मध्ये फ्री फॉल नावाच्या टॉवर राइडवरून १४ वर्षांचा मुलगा पडून दगावला. अंगाने मोठा होता, बनवणाऱ्यांनी घातलेल्या १३० किलोच्या मर्यादेच्या कितीतरी वर. चौकशीत निघालं की त्याच्या सीटचा सेन्सर हाताने बदललेला होता. हार्नेस नेहमीच्या जवळजवळ दुप्पट उघडा राहिला तरी "हार्नेस ठीक बसला" असा दिवा लागत होता. हा किस्सा मी प्रत्येक नव्या बॅचला सांगते. भीती घालायला नाही सांगत. दिव्यावर भरवसा ठेवायचा तर त्या दिव्याशी कुणी खेळलेलं नको, एवढं त्यांना कळावं.

आई, तुला वाटेल मी फारच कडक झालेय. तसं नाही गं. परवा एक बाई मुलाला घेऊन रांगेत होत्या, मुलगा दहा-अकराचा, दोन्ही कानांवर हात दाबून एका लयीत पुढे-मागे झुलत होता. मागचे लोक कुरकुरत होते. बाई कुणाला काही म्हणाल्या नाहीत, नुसत्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी त्यांना विचारलं, तुमचा नंबर लागायला चाळीस मिनिटं आहेत, तोवर बागेच्या बाजूला शांत जागा आहे तिथे बसाल का? वेळ झाली की मी बोलवते. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांना रांग चुकवून दिली नाही मी. रांग तेवढीच लागली, फक्त उभं राहावं लागलं नाही.

ही पद्धत डिस्नेवाल्यांची. त्यांच्याकडे आधी अपंग पाहुण्यांना कार्ड दाखवून बऱ्याच राइडवर बाजूच्या दाराने जाता यायचं. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात बातमी आली की श्रीमंत कुटुंबं तासावर पैसे मोजून व्हीलचेअरवरचा माणूस भाड्याने घेतात आणि त्याच्याबरोबर स्वतः पुढे घुसतात. त्याच वर्षी ऑक्टोबरात डिस्नेने कार्ड बंद केलं आणि परत यायची वेळ लिहून द्यायला सुरुवात केली. पुढे २०२४ मध्ये नियम आणखी आवळले, तेव्हा खरोखर गरज असलेल्या कितीतरी लोकांची पंचाईत झाली. लबाडी एकाची, भुर्दंड दुसऱ्याला.

तुम्ही म्हणाल, मग तुमचा एक्स्प्रेस पास काय आहे? जास्त पैसे भरले की तुम्हीही सोडताच की. सोडतो. मला ते मनापासून आवडत नाही, पण माझ्या हातात नाही. तिरुपतीला तीनशे रुपयांचं तिकीट काढून आपण गेलोच होतो ना. एवढं मात्र बघितलंय, पास काढणारा भांडत नाही. भांडतो तो ओळख सांगणारा, कारण त्याला रांग चुकवायची नसते, आपल्यासाठी रांग थांबली हे चार लोकांना दाखवायचं असतं. पंढरपूरच्या दर्शनबारीत तुम्ही दोघं रात्र-रात्र उभे राहिलात, कधी कुणाची चिठ्ठी आणली नाहीत. आषाढीच्या पहाटे मुख्यमंत्री महापूजेला बसतात तेव्हा शेजारी बसायचा मान रांगेतल्याच एका जोडप्याला मिळतो, वर एसटीचा वर्षभराचा फुकट पास. तो पास दाखवणारे कुणी तुमच्या गाडीत चढले की तुम्ही घरी येऊन केवढ्या कौतुकाने सांगायचात!

आणि बाबा, तुमच्या गाडीत पुढे आमदारांसाठी राखीव सीट होती. तिच्यावर आमदार बसलेला तुम्ही कधी बघितला नाहीत, पण आमदारांचा माणूस म्हणवणारे रोज बघितलेत. एकदा एकाने तिकिटात अर्धा टप्पा कमी लावा म्हणून डोकं खाल्लं होतं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "टप्पा सहा किलोमीटरचा. तुम्ही बसलात म्हणून साडेपाचचा व्हायचा नाही." मी दहावीत होते, मागच्या सीटवर बसून ऐकलं होतं. इथे नव्या पोरांना सांगते तेव्हा एसटी कुठली आणि टप्पा कुठला, त्यांना काही कळत नाही, पण हसतात.

तर काकांकडच्या मंडळींचं असं करू. पाडवा-भाऊबीज टाळून मधल्या वाराला या म्हणावं, मंगळवार-बुधवार उत्तम. तिकिटं ऑनलाइन काढा, माझ्या नावाने काही मागू नका. गेट उघडायच्या अर्धा तास आधी पोचा आणि आत शिरल्या शिरल्या थेट मागच्या टोकाच्या मोठ्या राइडला जा. सगळे पहिल्या राइडला चिकटतात, मागे तासभर तरी मोकळं असतं. दुपारी पाण्यात. कपडे नायलॉनचेच लागतात, जीन्स-साडीत पाण्यात सोडत नाहीत. घरून आणले नाहीत तर भाड्याने मिळतात, डिपॉझिटची पावती जपून ठेवा. नातवाची उंची घरीच भिंतीला उभं करून मोजा. १२० च्या वर असेल तर दोन-तीन चांगल्या राइड आहेत, मोठ्या माणसाबरोबर. त्याला आधीच सांगा काय मिळणार आणि काय नाही, म्हणजे गेटवर रडारड नको. काकांना स्वतःला कोस्टरवर बसायचं असेल तर ब्लडप्रेशरचं खरं सांगायला लावा. सुट्टी मिळाली तर मी सोबत फिरेन, रांगेतसुद्धा. जेवण माझ्याकडून.

आई, त्यांच्याबरोबर दशम्या आणि चिवड्याचा डबा देऊ नकोस. बाहेरचं खाणं गेटवर ठेवून घेतात, फक्त औषधं आणि तान्ह्या बाळाचं आत चालतं. चटणी द्यायची असेल तर माझ्या खोलीच्या पत्त्यावर पाठव. शेंगदाण्याची मागची मेसमधल्या पोरींनी दोन दिवसांत संपवली, या वेळी लसूण जरा जास्त घाल. गुडघ्याचा पट्टा वापरतेस की कपाटात ठेवलास?

बाबा, काकांशी मीच बोलू का? तुम्हाला अवघड जाईल. शनिवारी माझी दुसरी पाळी आहे, सकाळी अकराच्या आत फोन करा.

तुमची लेक