हायड्रोजन आधी कोणाला, हे ठरवा : ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय ऊर्जामंत्री महोदय,

सादर नमस्कार.

पेट्रोल, डिझेल आणि कोळसा यांच्या जागी उद्या कोणते इंधन आणायचे, याची चर्चा आता धोरणाच्या मसुद्यापर्यंत येऊन पोहोचली आहे आणि त्या चर्चेत हायड्रोजनचे नाव सर्वांत वर आहे. माझी ३१ वर्षांची नोकरी अमोनिया तयार करणाऱ्या खत कारखान्यात झाली. त्यामुळे ज्याला सगळे ‘भविष्यातील इंधन’ म्हणतात, तो वायू माझ्यासाठी रोजच्या पाळीतला कच्चा माल होता. त्याची ज्योत भर उजेडात डोळ्यांना दिसत नाही. मी नवखा असताना एका जुन्या ऑपरेटरने मला लांब दांड्याचा गवती झाडू हातात दिला आणि गळतीची शंका असलेल्या पाइपच्या दिशेने तो पुढे धरून हळूहळू चालायला सांगितले. झाडूचे टोक अचानक पेटले, तर आग तिथे आहे असे समजायचे. पुढे चांगले सेन्सर आले, पण तो झाडू मी विसरलो नाही. या वायूबद्दल मला मनापासून आस्था आहे आणि म्हणूनच तो चुकीच्या जागी खर्च होऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पहिली गोष्ट अशी की, हायड्रोजन हा ऊर्जेचा स्रोत नाही. कोळसा खाणीतून निघतो, ऊन आपोआप पडते, वारा वाहतो. हायड्रोजन मात्र आधी कशापासून तरी वेगळा काढावा लागतो आणि तो काढायला ऊर्जा मोजावी लागते. आफ्रिकेतील माली देशात बुराकेबुगू या गावी जमिनीतून नैसर्गिक हायड्रोजन मिळाला आहे हे खरे, पण अशा साठ्यांच्या भरवशावर आज धोरण आखता येणार नाही. २०२२ साली जगाने सुमारे साडेनऊ कोटी टन हायड्रोजन वापरला आणि त्यातला जवळजवळ सगळा नैसर्गिक वायू व कोळशापासून बनलेला होता. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन काढताना ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आमच्या कारखान्यातही हेच होत होते.

विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन मिळवणे हा त्यावरचा मार्ग आहे आणि तो नवाही नाही. निकल्सन आणि कार्लाइल या इंग्रज संशोधकांनी १८०० सालीच तसे करून दाखवले होते. प्रश्न विजेचा आहे. एक किलो हायड्रोजनसाठी ५० ते ५५ युनिट वीज लागते आणि तयार झालेल्या त्या किलोत वापरण्याजोगी ऊर्जा उरते सुमारे ३३ युनिट. ही वीज कोळशाच्या केंद्रातून आली, तर दर युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड धरून एका किलो हायड्रोजनमागे ५० किलोच्या आसपास उत्सर्जन होईल, म्हणजे ज्या जुन्या पद्धतीला आपण नावे ठेवतो तिच्या पाचपट. त्यामुळे इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेने पाण्याचे विघटन करणारे यंत्र, बसवला की हायड्रोजन हरित झाला, असे मानणाऱ्या कोणत्याही योजनेवर कृपया सही करू नका. युरोपीय संघाने २०२३ साली जे नियम केले, त्यांत हायड्रोजनसाठी अक्षय ऊर्जेची नवी निर्मिती उभी करण्याची अट आहे आणि २०३० पासून वीजनिर्मिती व वापर यांचा मेळ तासागणिक दाखवावा लागणार आहे. उद्योगांना ही अट जाचक वाटते, हे मी समजू शकतो. तरीही ती नसेल तर ‘हरित’ हा शब्द कागदावरच राहील.

आता मोटारींकडे येतो, कारण जाहिराती सर्वांत जास्त त्यांच्याच होतात. शंभर युनिट वीज बॅटरीत भरून गाडी चालवली, तर तारा, चार्जिंग आणि मोटर यांतला तोटा वजा जाता साधारण ७० ते ८० युनिट चाकांपर्यंत पोहोचतात. त्याच शंभर युनिटांचा हायड्रोजन केला, तो ७०० बारच्या दाबाने टाकीत भरला आणि फ्युएल सेलमध्ये त्याची पुन्हा वीज केली, तर चाकांना मिळतात सुमारे ३०. हा तोटा कोणा अभियंत्याच्या आळसामुळे होत नाही; विजेपासून वायू आणि वायूपासून पुन्हा वीज या उलटसुलट प्रवासातच तो आहे आणि संशोधनाने तो काहीसा कमी होईल, नाहीसा होणार नाही. जर्मनीतील लोअर सॅक्सनी राज्याने २०२२ साली हायड्रोजनवरच्या रेल्वेगाड्यांचा ताफा सेवेत आणायला सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी, चालवायला स्वस्त पडतात म्हणून, उरलेल्या डिझेल गाड्यांच्या जागी बॅटरीवरच्या गाड्या घेण्याचे ठरवले. ज्यांनी प्रत्यक्ष गाडी चालवून पाहिली त्यांचा हा निर्णय आहे, म्हणून त्याचे वजन मला अधिक वाटते.

घरगुती गॅसच्या पाइपात हायड्रोजन मिसळण्याची कल्पनाही अधूनमधून पुढे येते. एवढ्याच घनफळाच्या नैसर्गिक वायूच्या तुलनेत हायड्रोजनमध्ये जेमतेम एक तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे घनफळाने २० टक्के मिश्रण केले तरी उत्सर्जन कमी होते ते ७ टक्क्यांच्या आसपास. तेवढ्यासाठी सगळी वितरण व्यवस्था तपासायची का, हा विचार व्हावा. इंग्लंडमधील व्हिटबी या वस्तीत घरे पूर्णपणे हायड्रोजनवर नेण्याचा प्रयोग रहिवाशांच्या विरोधानंतर २०२३ साली सोडून द्यावा लागला.

मग हायड्रोजन कोणाला द्यावा? ज्याच्याकडे दुसरा मार्गच नाही, त्याला. अमोनियाच्या एका टनात सुमारे १७६ किलो हायड्रोजन असतो आणि त्याची जागा बॅटरी घेऊ शकत नाही, कारण तिथे तो जाळायचा नसतो, तो रेणूतच बांधला जातो. जगातली शेती अमोनियापासून होणाऱ्या खतावर उभी आहे. खत कारखाने आणि तेलशुद्धीकरण प्रकल्प आजही हायड्रोजन वापरतात. त्यांच्याकडे टाक्या आहेत, वाहिन्या आहेत आणि हा वायू हाताळणारी अनुभवी माणसे आहेत. तिथे फक्त मळका हायड्रोजन काढून स्वच्छ हायड्रोजन भरायचा आहे. त्यासाठी एकही नवा पंप उघडावा लागत नाही, एकाही ग्राहकाला नवी गाडी घ्यावी लागत नाही. इतके सरळ काम समोर असताना सगळे लक्ष मोटारींच्या प्रदर्शनाकडे जाते, याचे मला खरोखर वाईट वाटते.

पोलादाचेही तसेच आहे. झोतभट्टीत कोळसा फक्त उष्णता देत नाही, तो लोहखनिजातला ऑक्सिजनही ओढून घेतो आणि दर टन पोलादामागे सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. हेच काम हायड्रोजनने केले की धुराड्यातून निघते ती पाण्याची वाफ. स्वीडनमध्ये लुलेओ येथील प्रायोगिक संयंत्रात २०२१ साली असे स्पंज आयर्न, म्हणजे ऑक्सिजन काढून घेतलेले सच्छिद्र लोखंड, तयार झाले आणि त्यापासून पोलादही घडवले गेले. लांब पल्ल्याची जहाजे हा तिसरा दावेदार. त्यांच्यासाठी अमोनिया किंवा मिथेनॉलच्या रूपातला हायड्रोजन उपयोगी पडेल.

बाकीच्या पर्यायांनाही हाच न्याय लावावा. शेणापासून आणि ओल्या कचऱ्यापासून मिळणारा बायोगॅस मुद्दाम तयार करावा लागत नाही, तो नाहीतरी सुटणारच असतो, म्हणून तो जिथल्या तिथे वापरावा. इथेनॉलबाबत मी सावध आहे. पीक सूर्यप्रकाशातली एखादा टक्काच ऊर्जा धरून ठेवते, साधे सौर पॅनेल २० टक्क्यांच्या आसपास, आणि पिकाला जमीन व पाणी लागते ते वेगळेच. अणुऊर्जा आणि भूऔष्णिक ऊर्जा यांची चर्चा हायड्रोजनच्या विरोधात होऊ नये. चोवीस तास वीज देणारे स्रोत असतील तर इलेक्ट्रोलायझर रिकामे पडून राहत नाहीत.

गळतीबद्दल मात्र फार कमी बोलले जाते. हायड्रोजनचा रेणू सर्वांत लहान, सांध्यासांध्यांतून निसटणारा. शिवाय हवेतले त्याचे प्रमाण ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही असले तरी तो पेट घेऊ शकतो. हवेत निसटलेला हायड्रोजन मिथेनचा निचरा करणारे हायड्रॉक्सिल कण खाऊन टाकतो, त्यामुळे शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा तापमानवाढीवरचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अकरापट भरतो. म्हणजे गळती मोजणे ही सुरक्षेबरोबरच हवामानाचीही अट आहे.

म्हणून आपणांस विनंती आहे की, अनुदान मंजूर करण्यापूर्वी हायड्रोजनच्या वापरांचा प्राधान्यक्रम जाहीर करावा, त्यात खत, शुद्धीकरण आणि पोलाद यांना वरचे स्थान द्यावे आणि जिथे थेट वीज पोहोचते तिथे हायड्रोजनसाठी सार्वजनिक पैसा देऊ नये. प्रत्येक प्रकल्पाने वीज कुठून व कोणत्या तासाला घेतली आणि किती वायू गळला, याची नोंद लोकांना पाहता येईल अशी खुली ठेवावी. प्राधान्यक्रमाच्या मसुद्यावर हरकती मागवल्या जातील तेव्हा, कारखान्यातील माझ्या अनुभवाचा उपयोग होणार असेल, तर मी स्वखर्चाने हजर राहीन.

कळावे,

आपला नम्र,
अमोनिया संयंत्रातील एक निवृत्त अभियंता