मनू, माल हातात आल्याशिवाय सही नको

चि. मनू,

काल तू फोन आपटलास तेव्हापासून तुझी आई माझ्याशी धड बोलत नाहीये. "बाबा, तुम्हाला कागद दिसतात, मला बाळं दिसतात" म्हणालीस. लागलं मला ते. पण रागाने नाही लिहीत, फोनवर तू बोलू देत नाहीस म्हणून टाईप करतोय.

तुझा संताप मला कळतो गं. नवजात बाळांना ऊब देणाऱ्या दोन वॉर्मरची मागणी जूनमधे पाठवलीस, फाईल दिवाळीपर्यंत "स्पेसिफिकेशन स्पष्ट करून फेरसादर करावे" एवढ्या एका शेऱ्यावर पडून, मग तांत्रिक मान्यता, मग जेमवर, म्हणजे त्या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर बिड, बोली कमी आल्या म्हणून मुदतवाढ, आणि बीडीएसवर, म्हणजे निधी वाटपाच्या ऑनलाईन प्रणालीवर निधी पडला तो थेट फेब्रुवारी संपताना. आता सप्लायर म्हणतो मशीन 10 एप्रिलला येईल, मॅडम तुम्ही सीआरएसी, म्हणजे माल मिळाला आणि स्वीकारला असा दाखला देऊन टाका, बिल 31 मार्चच्या आत ट्रेझरीत जाईल. वरून साहेबांचा फोन की निधी परत गेला तर खुलासा तुम्ही द्यायचा. ह्यात तुझी काडीची चूक नाही. तरी सांगतो, माल आल्याशिवाय सही करू नकोस.

तुला चिंचा आणून द्यायचे ते आमच्या स्टोअरचे भाऊ आठवतात? असाच मार्च होता. हातपंपाचे पाईप "उद्या येतायत" म्हणून त्यांनी बिलामागच्या शिक्क्यात सही केली, माल मिळाला, साठा नोंदवही पान क्रमांक अमुक. अर्धे पाईप आलेच नाहीत. ऑडिटवाल्यांनी प्रत्यक्ष मोजणी केली तेव्हा सांगणारे साहेब बदलून गेलेले, तोंडी सांगणं कागदावर कुठेच नाही, सही तेवढी भाऊंची. रिटायर झाल्यावरही चौकशी सुरूच, पेन्शन रोखता येते त्या नियम 27 खाली. त्या माणसाने एक रुपया खाल्ला नव्हता. शेवटी शेवटी भेटायला गेलो की मला त्या नोंदवहीचं पान आणि ओळ तोंडपाठ म्हणून दाखवायचे.

तू तेव्हा शाळा सुटली की माझ्या टेबलाखाली बसायचीस, "तातडीचे"चा शिक्का मनगटावर मारून घरी यायचीस आणि आई खोबरेल लावून पुसायची. तीच पोरगी आज वैद्यकीय अधीक्षक म्हणून सही करते, मी सगळ्या सोसायटीला सांगत फिरतो.

माझ्या डोळ्यांसमोर 2016 ची खरेदीची नवी नियमपुस्तिका आली, 2017 ला औषधं-उपकरणं हाफकिन या सरकारी महामंडळामार्फत घ्यायचं ठरलं, 2023 ला त्या खरेदीसाठी वेगळ्या प्राधिकरणाचा कायदा झाला. दर वेळी वाटायचं आता तरी सुटसुटीत होईल. पण ज्याने माल मोजून घेतला त्याच्याच सहीवर पैसे सुटायचे, हे काही बदललं नाही, आणि बदलूही नये असं मला मनापासून वाटतं. पैसे फेब्रुवारीत सोडायचे आणि मार्चमधे जाब विचारायचा हे मात्र पाप आहे. बघ, लेक्चर झालं. माफ कर, तुझ्या वॉर्डात रात्री काय असतं ते मी पाहिलेलं नाही.

एवढं कर. सिव्हिल सर्जनना आजच लेखी कळव की ऑर्डर अमुक तारखेची, पुरवठा अद्याप नाही, म्हणून सीआरएसी देता येत नाही, निधी परत गेल्यास नवीन वर्षात प्राधान्याने मिळावा. प्रत जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांना. आवक नंबर घे, नुसतं व्हॉट्सअॅप नको. सप्लायरला उशिराच्या दंडाची नोटीस जाऊ दे, जेमवर आठवड्याला अर्धा टक्का लागतो, आपोआप धावतील. आणि जुन्या वॉर्मरचा हीटर की सेन्सर गेलाय म्हणालीस ना, तो रुग्ण कल्याण समितीतून दुरुस्त होतो का बघ, तेवढ्याला मंत्रालय लागत नाही.

साहेब म्हणाले "करून टाका, मी आहे", तर नम्रपणे म्हण, सर लेखी द्या. देणार नाहीत. तूही देऊ नकोस.

आईने मेतकूट आणि तुझी निळी शाल कुरियर केलीय. मोठ्या आत्याचं ऑपरेशन नीट झालं, तिला एक फोन कर. आणि पत्राचा ड्राफ्ट आधी मला पाठव, मी रात्री कितीही वाजता वाचीन. पण मनू, सही नको.

तुझा
बाबा