बाबा, बास म्हणजे डॉल्बी नव्हे

फार्मिंग्टन हिल्स, मिशिगन
फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी माझ्या बास गिटारचा मोठा स्पीकर विकला हे ऐकून तुम्ही "सुटला एकदाचा" म्हणालात, असं आईने फोनवर सांगितलं. सुटलो नाहीये बाबा, फक्त वजन कमी केलंय. तो स्पीकर म्हणजे दहा इंची आठ स्पीकर बसवलेलं कपाट, छातीपर्यंत उंच आणि साठ किलोच्या वर. इथली वाजवणारी मंडळी त्याला फ्रिजच म्हणतात. अँपेग कंपनीने 1969 मध्ये 300 वॅटचा व्हॉल्व्हवाला अ‍ॅम्प्लिफायर काढला, त्याच्या जोडीचं हे कपाट. मोठ्या मैदानांवर गिटारवाल्यांच्या गोंगाटात बासचा आवाज पोचत नव्हता, म्हणून ही राक्षसी जोडी जन्माला आली. माझं वाजवणं असतं पन्नास-साठ खुर्च्यांच्या बारमध्ये. बर्फात गाडीतून ते धूड उतरवताना पाठ एकदा बोलली, की मग बाकीचा शहाणपणा आपोआप येतो. आता तीन किलोच्या आतला अ‍ॅम्प आणि बारा इंची एक स्पीकर. दोन हातांत दोन वस्तू, खांद्यावर वाद्य, एका खेपेत आत. जुन्या व्हॉल्व्हचा तो उबदार, किंचित फाटका आवाज गेला याची हळहळ आहे. पण ती हळहळ घरी सोफ्यावर बसून करता येते.

ताईने तुमचा दुसरा प्रश्नही पोचवला. "एवढं करून हा वाजवतो काय? व्हिडिओत नुसती बोटं हलताना दिसतात." त्याचं उत्तर फोनवर देता येईना, म्हणून हे पत्र.

तुमच्या डोक्यात बास म्हटलं की काय येतं ते मला ठाऊक आहे. मिरजेतली अनंत चतुर्दशीची रात्र, लक्ष्मी मार्केटवरून गणेश तलावाकडे निघालेली मिरवणूक, आणि ट्रॉलीवर रचलेली डॉल्बीची भिंत. खिडक्यांची तावदानं थरथरतात, आईच्या छातीत धडधडतं, तुम्ही कानात कापूस घालून आतल्या खोलीत. त्या रात्री तुम्ही जे जे बोलता त्यातल्या एका शब्दालाही माझा विरोध नाही. पण तो आवाज त्रासदायक असतो तो खालचा असतो म्हणून नव्हे, तर तो थांबतच नाही म्हणून. एक ठोका विरायच्या आत दुसरा येऊन आदळतो. त्यात सूर कोणता, हे ट्रॉलीवरच्या पोरालाही सांगता येणार नाही. तुमचा तानपुरा काळी एकला लावला की खर्जाची तार साधारण 69 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 69 कंपनांवर, बोलते. माझी दुसरी तार 73 ला असते, म्हणजे जवळजवळ शेजारीच. सगळ्यात जाड तार 41 पर्यंत उतरते. तुम्ही जन्मभर ज्या आवाजाच्या मांडीला मांडी लावून बसलात त्याच्याच खालच्या मजल्यावर मी राहतो, इतकंच.

आता व्हिडिओचं. मोबाइलच्या त्या नखाएवढ्या स्पीकरला हे खालचे स्वर काढताच येत नाहीत. तिथून तुम्हाला पोचतात ते माझ्या तारेतून आपोआप उमटणारे वरचे स्वयंभू स्वर. त्यांच्यावरून कान कधीकधी खालचा मूळ स्वर ताडतो, न वाजलेलाही. तुम्हाला यात नवल वाटायचं कारण नाही. खर्जातून कोणी न छेडलेला गंधार ऐकायला तुम्हीच मला शिकवलंत, हा त्याचा उलटा प्रवास. पण गिटार, की-बोर्ड, ड्रम सगळे एकदम सुरू झाले की तेवढं ताडायलाही जागा उरत नाही. आपल्या माजघरातला जुना लाकडी रेडिओ या बाबतीत फोनपेक्षा कितीतरी बरा होता. विविध भारतीवर पंचमची गाणी लागली की खालून काहीतरी चालत असायचं, आठवतं? त्यातल्या बऱ्याच गाण्यांत बास गिटार टोनी वाझ यांची. लाखो लोकांच्या कानांवरून तो माणूस गेला आणि नाव मोजक्यांना माहीत.

नावावरून आठवलं. "पोस्टरवर तुझं नाव का नसतं?" असं आईने विचारलं होतं. तिला सांगा, मी ज्या शहराच्या शेजारी राहतो तिथे याची मोठी परंपरा आहे! डेट्रॉइटमध्ये वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर एक साधं दुमजली घर आहे. 1959 मध्ये बेरी गॉर्डी यांनी घरच्यांकडून 800 डॉलर कर्जाऊ घेऊन मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी सुरू केली आणि या घरात स्टुडिओ थाटला. आता तिथे संग्रहालय आहे. स्टुडिओची खोली बघून तुमचा विश्वास बसणार नाही, आपल्या शाळेच्या संगीताच्या वर्गाहून फार मोठी नसेल. छतावरून वायरी लोंबायच्या म्हणून वादक तिला सापांचा खड्डा म्हणायचे. त्या खड्ड्यात बसून जेम्स जेमरसन नावाच्या माणसाने बास गिटारचं व्याकरण लिहिलं. मूळचा दक्षिण कॅरोलायनाचा. डेट्रॉइटला येऊन शाळेत उभा मोठा बास शिकला, मग फेंडर कंपनीची 1962 सालची प्रिसिजन बास गिटार हातात घेतली. उजव्या हाताच्या फक्त तर्जनीने वाजवायचा. त्या बोटाला लोकांनी हूक, म्हणजे अडकवायचा आकडा, असं नाव ठेवलं होतं. दोन बोटांनी वाजवणारे आम्ही अजून त्या एका बोटामागे धावतोय.

सगळ्यात गंमत म्हणजे त्याच्या तारा. तुटल्याशिवाय बदलायच्याच नाहीत, हा त्याचा नेम. तारा सपाट पट्टीने गुंडाळलेल्या, घोडीजवळच्या झाकणाखाली फोमचा तुकडा, म्हणजे स्वर उमटला की पटकन मिटावा. मला तिथे तुम्ही तानपुऱ्याची जवारी बघताना दिसलात. तुम्ही घोडीवर तारेखाली दोरा सरकवता ते झंकार खुलावा म्हणून. त्याने त्याच जागेशी फोम लावला तो झंकार मारावा म्हणून. दोघांची खटपट एकाच बोटभर जागेत आणि हेतू अगदी उलटे. तानपुऱ्याने भरून राहायचं असतं, बासने पुढच्याला जागा करून द्यायची असते. मीही आता सपाट तारा आणि फोम लावलाय. आमच्या गिटारवाल्याला तो आवाज मेलेला वाटतो. त्याच्या मताला मी फारशी किंमत देत नाही.

तर नावाचं. मोटाउनच्या रेकॉर्डवर वर्षानुवर्षं वादकांची नावंच छापत नसत. 1971 मध्ये गायक मार्व्हिन गे यांच्या अल्बमवर जेमरसनचं नाव आलं, तोवर त्याच्या बोटांवर जग नाचून झालं होतं. पुढच्या वर्षी कंपनी लॉस एंजेलिसला गेली आणि इथले बरेच वादक मागे राहिले. तो मागोमाग गेला, पण तिथे त्याचं बस्तान नीट बसलं नाही. 1983 मध्ये वारला, त्याच्या आधी थोडेच दिवस त्याचं ते वाद्यही चोरीला गेलं होतं. याच्यापुढे बारच्या दारावरच्या चिठ्ठीवर माझं नाव नसल्याचं दुःख मी कुठल्या तोंडाने करू?

आमचा बँड तीच गाणी वाजवतो. ड्रमर सत्तरीचा, मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, चर्चमध्ये वाजवून तयार झालेला. स्वभावाने अगदी तुमच्या पेटीवाल्या मित्रासारखा, तोंडाने कडू आणि लयीला पक्का. सुरुवातीला मी भरपूर स्वर वाजवायचो. त्याने एकदा मधेच काठ्या खाली ठेवल्या आणि म्हणाला, स्वर कुठे सुरू होतो ते तुला येतं, आता तो कुठे संपतो ते शीक. तेव्हापासून माझा सगळा रियाज डाव्या हाताचा आहे. समजा पहिल्या मात्रेवर त्याच्या पायाखालचा मोठा ड्रम पडला, त्याच्याबरोबर माझा स्वर. दुसऱ्या मात्रेवर स्नेअर, म्हणजे काठीने वाजणारा कडक आवाजाचा ड्रम, वाजतो. तो वाजायच्या नेमक्या क्षणी माझं बोट तारेवरून ढिलं होतं. दाबून उचलायचं नाही, नुसतं ढिलं करायचं, तार तिथेच चिडीचूप. हे जमलं की स्नेअर मोठा वाजल्यासारखा वाटतो, ड्रमरने जोर न लावता. थोडं उशिरा सोडलं तर गाणं जड होतं, आधी सोडलं तर उड्या मारायला लागतं. ठेका भरताना डग्ग्यावरची घिस्स कुठे तोडायची याबद्दल तुम्ही वर्गातल्या पोरांना जे ओरडायचात तेच हे.

गेल्या शनिवारी वाजवायला गेलो तेव्हा बाहेर उणे चौदा होतं. असल्या थंडीत वाद्य आत नेलं की लगेच पेटी उघडायची नाही, अर्धा तास तशीच ठेवायची, नाहीतर लाकडावरच्या पॉलिशला बारीक तडे जातात. दांडीची तऱ्हा वेगळीच. हिवाळ्यात घरं तापवून हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसतं आणि दांडीवरच्या पडद्यांची (फ्रेट्सची) धातूची टोकं बाजूने बाहेर येऊन तळहाताला टोचतात. मिरजेत पावसाळ्यात तुमच्या खुंट्या फुगून अडकतात, इथे सगळं सुकतं. दांडीच्या आत एक लोखंडी सळई असते. ती पाव आटा फिरवून बाक सरळ करायचा. सतारमेकर गल्लीत लहानपणी तासन् तास उभा राहून बघितलेलं फुकट गेलं नाही, इथे बँडमधले सगळे आपापली वाद्यं माझ्याकडे आणतात.

आमची जागा बारच्या कोपऱ्यात, स्वच्छतागृहाच्या दाराशेजारी. कोपरा बासला वाईट. माझ्या खालच्या स्वराची एक लाट आठ मीटरहून लांब असते, खोलीच त्याहून थोडी मोठी. म्हणून भिंतीपाशी आवाज घुमतो आणि खोलीत मधेच काही ठिकाणी गायब होतो. मी उभा असतो तिथे कान फुटायची वेळ, आणि मधल्या टेबलावरचे लोक म्हणतात बास कुठाय. उपाय म्हणजे स्पीकर कोपऱ्यापासून ओढून खुर्चीवर चढवायचा, खालचा आवाज बटणाने कमी करायचा, आणि एक वायर थेट आवाजाच्या मिक्सरला द्यायची. कमी केल्यावर जास्त ऐकू येतं, हे मिक्सरवरच्या नव्या पोराला पटवायला अर्धी संध्याकाळ जाते. कानात मी बोळे घालतो, आईला सांगा, काळजी नको. आमच्या ड्रमरने तरुणपणी घातले नाहीत, आता त्याला डाव्या बाजूने हाक मारून उपयोग नसतो.

मिळतं किती, हे तुम्ही विचारलं नाहीत पण विचारायचं होतं. माणशी शंभर डॉलरच्या आसपास आणि एक जेवण. मागे एका मालकाने गर्दी कमी होती म्हणून निम्मेच टेकवले, तिथे पुन्हा गेलो नाही. पेट्रोल, तारा, पार्किंग वजा करून उरतं ते सांगण्यासारखं नाही. पोट नोकरीवर चालतं, तुम्ही शाळेच्या पगारावर पेटी-तबला चालवलात तसंच.

इथल्या मंडळाच्या गणपतीतही वाजवतो. भावगीतांना मजा येते, पण लावणीला मी जवळजवळ गप्प असतो. ढोलकीची धुमाची बाजू खालची सगळी जागा व्यापते, तिथे बास घुसवला की दोघांचाही चिखल. संयोजकांना वाटतं हा माणूस पैसे न घेता आलाय म्हणून कामचुकारपणा करतोय. एकदा ढोलकीवाल्यानेच त्यांना समजावलं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला लेबर डेच्या सुट्टीत डेट्रॉइटला जॅझचा महोत्सव असतो, भर शहरात, उघड्यावर आणि तिकीट न लावता. तुम्ही दोघं त्या सुमारास यावं असं माझ्या मनात आहे. उभ्या बासचे थोर वादक रॉन कार्टर इथल्याच शेजारच्या फर्नडेल गावचे. दोन हजारांवर रेकॉर्डिंगांत वाजवलंय त्यांनी, गिनीजमध्ये नोंद आहे. त्यांचं रेकॉर्डिंग पाठवतोय. ते फोनवर ऐकू नका, ताईकडून तिचे मोठे हेडफोन मागून घ्या. पहिली पाच मिनिटं फक्त खालचा माणूस काय करतो ते ऐका, बाकी मग.

दिवाळीला येतोय, वाद्य घेऊन. लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये हे वाद्य काढलं ते दुरुस्तीला सोपं ठेवून. दांडी चिकटवलेली नसते, चार स्क्रूंवर असते. ते काढले की दोन तुकडे होतात, मोठ्या बॅगेत तिरके बसतात का ते बघायचंय. बसले तर येताना तेवढ्या जागेपुरत्या आईच्या मागवलेल्या वस्तू कमी येतील, हे तिला हळूच सांगून ठेवा. अ‍ॅम्प आणणार नाही, गल्लीतल्या मांडववाल्याचा मिक्सर चालेल. तानपुऱ्याची जवारी त्याआधी करून घ्या, आणि या वेळी पैसे मी देणार आहे, सतारमेकर चाचांना आधीच सांगून टाका, म्हणजे तुम्ही परस्पर देऊन मोकळे व्हायला नको.

आईस नमस्कार. ताईच्या पिल्लांना पापा.

तुमचा,
धाकटा