काकू, रजिस्टरमधल्या त्या नावासाठी

सौ. काकूंना सप्रेम नमस्कार,

ग्रंथालयात लेकीला केलेल्या मदतीसाठी फोनवर आभार मानून झाले. मंडळाच्या संक्रांतीत तिळगूळ देताना पुन्हा मानले. तरी मन भरलं नाही, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते आहे.

लेकीला शाळेसाठी आपल्या गावच्या एका संघाचा इतिहास लिहायचा होता. तिने इथल्या, म्हणजे अमेरिकेत ओक्लाहोमातल्या टल्सा विद्यापीठाचा महिला गोल्फ संघ निवडला. ती स्वतः गोल्फ शिकते आणि तिच्या बॅचमध्ये दुसरी मुलगी नाही. तुमच्याकडे येण्याआधी आम्ही एका कार्यालयात गेलो होतो. तिथे प्रश्न तिने विचारला आणि उत्तर मला मिळालं: "इंटरनेटवर असेल बघा." तेही मान वर न करता. दुसऱ्या ठिकाणी लहान मुलांना आत घेत नाही म्हणून दारातूनच परत पाठवलं. गाडीत बसल्यावर लेक म्हणाली, "आई, मी विषय बदलते." ते शब्द अजून टोचतात.

मग ग्रंथालयात तुमच्या टेबलापाशी आलो. तुम्ही रजिस्टर पुढे केलंत, मी सवयीने माझं नाव लिहायला वाकले, आणि तुम्ही ते हळूच माझ्या हाताखालून काढून तिच्याकडे वळवलंत. "अभ्यास तुझा ना? मग पहिलं नाव तुझं. आईचं खाली." तिच्या हातातलं पेन काढून घेऊन एक आखूड पेन्सिल दिलीत आणि जुन्या कागदांजवळ शाई का चालत नाही ते तिला समजावलंत. ती एकदम म्हणाली, "ही तर स्कोअरकार्डवाली पेन्सिल!" मग तिने स्वतःचं, बाबांचं आणि आडनाव असं सगळं सावकाश लिहिलं. अक्षरं रकान्याबाहेर गेली. तुम्ही थांबून राहिलात. मागे दोन माणसं उभी होती, तरी थांबलात.

त्यानंतरची ती मुलगी वेगळीच होती. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असते: डेल मॅक्नमारा यांनी १९७४ मध्ये हा संघ उभा केला. एनसीएएने, म्हणजे अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेने, १९८२ मध्ये पहिल्यांदा महिलांची गोल्फ स्पर्धा घेतली, ती टल्साच्या मुलींनी जिंकली आणि वैयक्तिक विजेतीही टल्साचीच, कॅथी बेकर. १९८८ मध्ये संघ पुन्हा जिंकला. त्या वर्षीची वैयक्तिक विजेती मेलिसा ही डेल यांचीच मुलगी. आई प्रशिक्षक आणि लेक विजेती, हे वाचून तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला हसू आवरेना.

पण ती सगळ्यात जास्त रमली नॅन्सी लोपेझ या प्रसिद्ध गोल्फपटूमध्ये. न्यू मेक्सिकोतल्या रॉजवेल गावी नॅन्सीच्या शाळेत मुलींचा संघच नव्हता, म्हणून ती मुलांच्या संघातून खेळली. पुढे टल्सात शिकताना १९७६ मध्ये ती महाविद्यालयीन मुलींची राष्ट्रीय विजेती झाली. मुलांमध्ये एकटी मुलगी, एवढं वाचूनच लेक गप्प झाली. ते पान तिने दोनदा वाचलं. तुम्ही पाहिलंत, आणि काही न बोलता टेबलावरचा दिवा तिच्या बाजूला सरकवलात.

काकू, मोठ्यांशी अदबीने वागणारे पुष्कळ भेटतात. पण ज्याच्याकडून आपल्याला काहीच मिळायचं नाही, त्या पोराटोराचंही नीट ऐकून घेणारं माणूस भेटलं की परक्या मुलखातही घरचं कोणी भेटल्यासारखं वाटतं. तुम्ही मराठी आहात हे तर मला निघताना कळलं, तुम्ही तिला "सावकाश जा गं" म्हणालात तेव्हा. म्हणजे आधीचं सगळं तुम्ही कोणाही मुलीसाठी केलं असतंत.

ती पेन्सिल तुम्ही परत मागितली नाहीत. तिच्या गोल्फ बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात आहे. रविवारी नऊ होल खेळून आली, स्कोअर त्याच पेन्सिलीने मांडला. सातव्या होलवर बर्डी आहे, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी, तिने त्याभोवती दोनदा गोल केलाय. कार्ड सोबत पाठवते आहे. तुमच्याकडेच ठेवा, असा तिचा निरोप आहे.

तुमची,
तिची आई