पाचनं हुकलेला नंबर

मित्रा,

फोनवर सांगितलं असतं पण हा नंबर तोंडी सांगायसारखा नाही बे, म्हणून कागद घेऊन बसलो. दुपारी लाइट गेली, कूलर बंद, बाहेर ४५ डिग्री, झोप काही लागून नव्हती राहिली. आठवते काय, बर्डीच्या बसस्टॉपवर उभं राहून आपण एमएच ३१ च्या गाड्यांच्या नंबराला ९ ने भाग जाते काय ते पाहायचो? तीच खाज अजून गेली नाही.

तर हा पाहा: ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. पंचवीस आकडे. आता डावीकडून सुरू कर. पहिले दोन, ३६, त्याला २ ने भाग जाते. पहिले तीन ३६०, त्याला ३ ने. ३६०८ ला ४ ने, ३६०८५ ला ५ ने. सातवर वाटलं आता फसते, तर ३६०८५२८ भागिले ७ बरोब्बर ५१५५०४! असं करत करत अख्ख्या पंचवीस आकड्यांना २५ ने. पहिल्या तेरा आकड्यांना १३ ने भाग जाते काय ते पाहायला मी आपली जुनी ट्रिक लावली, १००१ म्हणजे ७ गुणिले ११ गुणिले १३ वाली, उजवीकडून तीन-तीन आकड्यांचे गठ्ठे आणि एकाआड एक अधिक-वजा, तर आले उणे ५५९, म्हणजे १३ चे ४३ पट. खरं सांगतो, मजा आली.

पण मला झोपू दिलं नाही ते दुसऱ्याच गोष्टीनं, की हा इथंच काऊन थांबते? दहा आकड्यांपर्यंत टेन्शनच नाही, शेवटी ० ते ९ काहीही ठेवता येते, म्हणजे लागोपाठचे दहा नंबर हातात, त्यात एक तरी बसतेच. अकरापासून नशिबाचा खेळ. असे दहा आकडी नंबर २४९२ आहेत, अकरा आकडी २२२५, वीस आकडी फक्त ४४, चोवीस आकडी ३, आणि पंचवीस आकडी हा एकटाच.

मग मी त्याच्या शेवटी ० लावून २६ ने भागलं. बाकी १२. म्हणजे अजून १४ पाहिजे, अन् ठेवता येते जास्तीत जास्त ९. झालं, पाचनं हुकलं! मी काहीतरी गूढ कारण शोधून राहिलो होतो आणि निघालं हे, किराणा दुकानात पाच रुपये कमी पडावे तसं.

आता तुझं काम. १ ते ९ सगळे आकडे एकेकदाच वापरून असाच नऊ आकडी नंबर बनव. एकच आहे. मोबाईलला हात लावायचा नाही, एवढं सांगतो की पाचव्या जागी ५ च येते, काऊन ते तू काढ. दिवाळीत उत्तर घेऊन ये, तर्री-पोहे माझ्याकडून.

लाइट आली वाटते, कूलरमध्ये पाणी टाकून येतो.

तुझाच,
बसस्टॉपवाला