तंबूचं भाडं आणि मोकळं रान

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

'चार रात्री कापडी तंबूत झोपायला एवढे पैसे? तेवढ्यात ताडोबाच्या आठ फेऱ्या होतील,' असं तू लिहिलंस. होतील की. पण ताडोबात जंगल सरकारचं आणि रिसॉर्ट गेटाबाहेर. तुम्ही निघालात त्या मारा नाबोइशोचा हिशोबच निराळा आहे. केनियातल्या मसाई मारा राखीव क्षेत्राला लागून असलेली ही साधारण ५० हजार एकर जमीन मसाई, म्हणजे तिथल्या गुरं राखणाऱ्या जमातीच्या, पाचशेहून जास्त मालकांच्या नावावर आहे. आधी ती सामाईक होती. मग वाटण्या झाल्या, सातबारा आपल्या नावावर आला की माणूस करतो तेच तिथेही होऊ लागलं: कुंपण. आणि कुंपण आलं की गवतामागे फिरणारी वाइल्डबीस्ट नावाची दांडगी हरणं, झेब्रे, हत्ती अडतात. २०१० मध्ये या मालकांनी आपापले तुकडे एकत्र करून कॅम्पवाल्यांना भाडेपट्ट्याने दिले. अट अशी की कुंपण नाही, नांगर नाही, घर नाही. बिलात दर रात्री दर माणशी 'कॉन्झर्व्हन्सी फी' (असं राखलेलं रान म्हणजे कॉन्झर्व्हन्सी) लागते ती या भाड्यासाठी आणि तिथल्या राखणदारांच्या पगारासाठी. म्हणजे पैसे तंबूचे कमी, रान मोकळं ठेवल्याचे जास्त.

म्हणून कॅम्पला मेल करशील तेव्हा आंघोळीचा टब आहे का, हे मागाहून विचार. आधी विचार की जमीनमालकांना भाडं एकरामागे ठरलेलं मिळतं की पाहुण्यांच्या संख्येवर. ठरलेलं असेल तर मे महिन्यात तंबू रिकामे असले तरी त्यांच्या घरात पैसा येतो. पाहुण्यांवर असेल तर पाऊस रेंगाळून पाहुणे आटले की मालकाला कुंपण आठवतं. २०२० मध्ये पर्यटक थांबले तेव्हा ठरलेल्या भाड्यांवरसुद्धा ताण आलाच. दुसरा प्रश्न गुरांचा. गुरं अजिबात येऊ देत नाही म्हणणारा कॅम्प ऐकायला कडक वाटतो, पण तीच गुरं शेजारच्या रानात कोंबली जातात आणि तिथलं गवत संपतं. आळीपाळीने, ठरलेल्या पट्ट्यांत चराई असेल तर ती चांगली खूण समज. तिसरं, सिंहापासून गोठे वाचवायला काय केलंय ते विचार. मसाई गोठ्याला बोमा म्हणतात. काटेरी फांद्यांचा बोमा सिंह रात्री सहज फोडतो, खांब रोवून जाळी ठोकली की सहसा थांबतो. गाय गेली की राग मेलेल्या जनावरावर विष टाकण्यापर्यंत जातो. डिसेंबर २०१५ मध्ये माऱ्यात मार्श प्राइड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कळपातले सिंह असेच विषाने मेले. मुलांबरोबर झाड लावतानाचा फोटो ज्याच्या त्याच्या भिंतीवर असतो. जाळी किती बोम्यांना लावली हा आकडा ज्याच्याकडे तयार असेल तो कामाचा.

या व्यवस्थेत खोट नाही असं मात्र समजू नकोस. सातबारा बहुतेक पुरुषांच्या नावावर, म्हणून भाडंही बहुतेक त्यांच्याच हातात पडतं. बायका मणीकाम विकतात. कॅम्पच्या दुकानात ते घेताना करणारीच्या हाती किती जातात, हे विचारायला लाजू नकोस.

आता तुमची मोठी गल्लत. निनादला सप्टेंबरमध्ये वाइल्डबीस्ट नदी ओलांडताना बघायचेत. ते मारा नदीवर दिसतं, आणि नदी राखीव क्षेत्रात आहे, नाबोइशोत नाही. तिथे जायचं तर पहाटे जेवणाचा डबा बांधून निघायचं आणि आख्खा दिवस द्यायचा. राखीव क्षेत्राचं तिकीट वेगळं: परदेशी माणसाला जुलै ते डिसेंबर २०० डॉलर, जानेवारी ते जून १००, आणि तेही फक्त सकाळी सहा ते संध्याकाळी सहापर्यंत चालतं. बुकिंगच्या दरात ते धरलंय का, हे आजच बघ. कळप काठावर येऊन चार तास उभा राहतो आणि माघारी फिरतो, असंही होतं. एकच दिवस द्या, मिळालं तर मिळालं. बाकीचे दिवस नाबोइशोतच काढा, कारण जे राखीव क्षेत्रात चालत नाही ते इथे चालतं: रात्रीची सफारी, पायी भटकंती, रस्ता सोडून गवतात गाडी घालणं. शिवाय एका प्राण्याभोवती पाचाहून जास्त गाड्या थांबू देत नाहीत. सहावी गाडी लांब उभी राहून वाट बघते. तुमचीच सहावी असली तर कुरकुर करू नका.

चित्त्याच्या बाबतीत विशेष सांभाळा. तो दिवसा शिकार करतो, त्यामुळे गाड्यांचा त्रास सर्वात जास्त त्यालाच. 'अजून थोडं पुढे घ्या ना' हे वाक्य पाहुणे बोलतात, बक्षिसीच्या आशेने गाईड गाडी पुढे घेतो, हरीण सावध होतं आणि चित्ता उपाशी राहतो. गाईडला आधीच सांगून ठेवा की लांबून चालेल. मग बघ, तो किती मोकळा होतो. केनियात गाईडची परीक्षा असते, ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्यांची, आणि बिल्ला छातीवर असतो. सिल्व्हरवाला मिळाला तर पक्षी आणि गवतंही विचारा, नुसते सिंह नकोत. मसाई मुलामुलींना गाईड बनवणारी शाळा २००५ मध्ये नाबोइशोत सुरू झाली, तिथे शिकलेला माणूस त्या रानातलाच असतो.

प्रवासाचं. मुंबईहून नैरोबीला मोठ्या विमानतळावर उतराल, पण माऱ्याची छोटी विमानं विल्सन विमानतळावरून सुटतात. दोन्हींमध्ये नैरोबीची वाहतूक आहे. मध्ये चार तास ठेवा, नाहीतर सरळ एक रात्र नैरोबीत काढा. छोट्या विमानात माणशी १५ किलो, हातातली पिशवी धरून, आणि बॅग मऊ कापडाची हवी, कारण सामान विमानाच्या पोटातल्या अरुंद कप्प्यात दाबून भरतात. चाकांची कडक सुटकेस तिथे मावत नाही, ती नैरोबीच्या हॉटेलात ठेवून द्या. हे विमान एसटीसारखं थांबे घेत जातं. तिकिटावरच्या धावपट्टीचं नाव पाठ करा आणि वैमानिकाने ते नाव घेतल्याशिवाय उतरू नका. चुकीच्या माळावर उतरलात तर कॅम्पची गाडी भलतीकडे उभी असेल.

पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या. तिचं कार्ड जाताना दाखवता, पण खरी गरज परतताना: कार्ड नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. एकदा घेतलेली लस आता जन्मभर चालते, तेव्हा कार्ड पासपोर्टलाच जोडून ठेव. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या, आणि परत आल्यावरही जितके दिवस सांगतील तितके दिवस घ्या. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. व्हिसाऐवजी २०२४ पासून ऑनलाइन परवानगी काढावी लागते. प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे, कपडे पॉलिथिनमध्ये बांधू नका, कापडी पिशव्या ने.

कपडे खाकी, मातकट, फिकट हिरवे. गडद निळा आणि काळा नको, चावणारी त्से त्से माशी त्यावर येते. लष्करी छाप्याचं काहीही नको. मारा साधारण १६०० मीटर उंचीवर आहे. पहाटे उघड्या गाडीत महाबळेश्वरच्या डिसेंबरासारखं काकडायला होतं, म्हणून लोकरी टोपी आणि जाकीट हवंच. दहा वाजता तेच अंगावरून काढाल. दुर्बीण प्रत्येकाला एक, ८x४२. दोघांत एक घेतलीत तर दुसऱ्याच दिवशी भांडाल. तिथली माती आपल्या विदर्भातल्या काळ्या रानासारखी आहे, एका सरीत गाडीची चाकं नुसती फिरत राहतात. गाडी रुतली तर गाईड सांगेपर्यंत खाली उतरायचं नाही.

कॅम्पला कुंपण नसतं. अंधार पडला की तंबूतून एकटं बाहेर पडायचं नाही. टॉर्च हलवून किंवा शिट्टी वाजवून अस्कारीला, म्हणजे पहारेकऱ्याला, बोलवायचं, तो सोबत घेऊन जातो. तंबूत खायचं काही ठेवू नका, चिवड्याची पुडीसुद्धा नाही, माकडं चेन उघडतात. बऱ्याच कॅम्पांत आंघोळीचं पाणी चुलीवर तापवून वरच्या बादलीत ओततात, साधारण २० लिटर. साबण लावताना नळ बंद करशील तर पुरतं. वीज सौर पॅनेलवरची, तेव्हा हेअर ड्रायर घरीच राहू दे. तू अंडं खात नाहीस हे आत्ताच कळव. त्यांचा भाजीपाला नैरोबीहून ट्रकने येतो, ऐनवेळी सांगितलंस तर चार दिवस चपाती आणि घेवडा.

फ्लाइंग डॉक्टर्सचं हवाई रुग्णवाहिकेचं संरक्षण दरात आहे का ते विचार, नसलं तर वेगळं काढ. बक्षिसी गाईडला दिवसाला माणशी दहा ते पंधरा डॉलर देतात, बाकीच्यांसाठी सामाईक पेटी असते. डॉलरच्या नोटा नव्या घ्या, २००९ च्या आधीच्या सहसा कोणी घेत नाही.

कॅमेरा टेकवायला कापडी उशी शिवून पाठवते, रिकामीच. वजनात धरू नकोस. तिथल्या स्वयंपाकघरातून दोन किलो सुका घेवडा मागून भर, आणि निघताना परत दे.

तुझी,
आई