ट्रेलरच्या सदोष ॲक्सलबाबत केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय,
परिवहन भवन, संसद मार्ग, नवी दिल्ली

विषय : ऊस वाहतुकीच्या ट्रेलरमधील (ट्रॉलीमधील) सदोष ॲक्सल आणि सदोष वाहने परत बोलावण्याबाबतचे मोटार वाहन अधिनियमातील कलम ११०-अ

माननीय महोदय,

सादर नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्याचा ऊस उत्पादक शेतकरी असून गेली अठरा वर्षे स्वतःच्या ट्रॅक्टरने साखर कारखान्याची ऊस वाहतूक करतो. गेल्या गळीत हंगामात, जानेवारीतल्या एका पहाटे, आष्ट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या दुसऱ्या ट्रॉलीचे मागचे डावे चाक हबसकट, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यासकट, निखळले. ट्रॉली कलली, उसाच्या मोळ्या रस्त्यावर आल्या आणि सुटलेले चाक पन्नासएक पावले गडगडत जाऊन एका बंद दुकानाच्या पायरीवर आदळले. त्या पायरीवर सकाळी शाळेच्या गाडीची वाट पाहणारी मुले बसतात. तेव्हा साडेचार वाजले होते, म्हणून कोणाला काही झाले नाही.

तुटलेला ॲक्सल, म्हणजे ज्यावर चाके बसतात तो आडवा दांडा, मी गावातल्या लेथवाल्याकडे नेला. ॲक्सलच्या चौकोनी दांड्याला जिथे गोल टोक वेल्डिंगने जोडलेले असते, बरोबर त्याच ठिकाणी तो तुटला होता. तुटलेल्या तोंडाचा निम्म्याहून अधिक भाग गंजून काळपट पडला होता आणि उरलेला भाग ताजा, चकाकणारा, साखरेच्या दाण्यांसारखा दिसत होता. लेथवाल्याने बोट फिरवून सांगितले की काळा भाग जुना आहे, म्हणजे चीर कित्येक महिने आत आत सरकत होती आणि त्या पहाटे फक्त शिल्लक राहिलेले लोखंड तुटले. चीर हबच्या आतल्या बाजूला, ग्रीस आणि धुळीच्या थराखाली होती. मी दर हंगामाच्या आधी बेअरिंग बदलतो, पाटे तपासतो, नट आवळतो. पण ती चीर मला दिसली नसती आणि कोणाही ड्रायव्हरला दिसली नसती.

त्यानंतर मी त्याच वर्षी, त्याच कारखानदाराकडून घेतलेल्या आसपासच्या ट्रॉल्या शोधल्या. दोन सापडल्या. चाके काढून, वेल्डिंगच्या जागा घासून पाहिल्या, तेव्हा दोन्हींमध्ये त्याच जागी केसासारखी चीर होती. त्यांपैकी एक ट्रॉली ऊस वाहतच नाही. ती शेणखत आणि पोयटा मातीच्या खेपांपुरती वापरली जाते. ट्रॉली बनवणाऱ्याने माझा ॲक्सल विनामूल्य बदलून दिला, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. मात्र बाकीच्या गिऱ्हाइकांना कळवणार का, असे विचारल्यावर त्याने सांगितले की ट्रॉली जादा भाराने तुटली आहे, त्यामुळे इतरांना कळवण्याचा प्रश्नच येत नाही. त्याच्या वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचे नाव, गाव आणि चेसिस नंबर लिहिलेला मी स्वतः पाहिला आहे.

जादा भाराचा मुद्दा मला टाळायचा नाही. आम्ही वाहतूकदार अनेकदा पासिंगपेक्षा, म्हणजे परिवहन कार्यालयाने मंजूर केलेल्या वजनापेक्षा, जास्त माल भरतो, खेपा कमी पडतात म्हणून भरतो, आणि ते चुकीचे आहे. परंतु ऊस वाहतूक ही देशातील बहुधा सर्वांत काटेकोरपणे मोजली जाणारी मालवाहतूक आहे. प्रत्येक खेप कारखान्याच्या काट्यावर चढते आणि तिची पावती निघते. माझ्याकडे पाच हंगामांच्या पावत्या जपून ठेवलेल्या आहेत. ॲक्सल भाराने तुटला की वेल्डिंगच्या दोषाने, हे ठरवायला लागणारा पुरावा त्यामुळे कागदावर उपलब्ध आहे. तो तपासण्याची जबाबदारी मात्र आज कोणाचीच नाही.

महोदय, या प्रश्नाकडे मी ज्या वाटेने आलो ती सांगणे आवश्यक वाटते. माझा मावसभाऊ अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. त्याच्याकडे गाडीमागे जोडून सहलीला न्यायचा, आत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेला प्रवासी ट्रेलर आहे. माझी हकिगत ऐकून त्याने आपल्या ट्रेलरबद्दल आलेले एक पत्र मला वाचून दाखवले : ॲक्सलच्या जोडणीत दोष आढळला आहे, चाक निखळू शकते, दुरुस्ती होईपर्यंत ट्रेलर ओढू नये आणि दुरुस्तीचा खर्च घेतला जाणार नाही. त्याचा ट्रेलर तुटलेला नव्हता, त्याने तक्रारही केलेली नव्हती. तिथे १९६६ च्या वाहन सुरक्षा कायद्यापासून ही पद्धत चालत आली आहे. सुरक्षेला धोका पोहोचवणारा दोष असल्याचे उत्पादकाने ठरवले की पाच कामकाजी दिवसांत त्याला राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाला कळवावे लागते, मालकांना टपालाने पत्र पाठवावे लागते, आणि पंधरा वर्षांपर्यंतच्या वाहनाची दुरुस्ती विनामूल्य करून द्यावी लागते. इंजिन नसलेला ट्रेलरही या कायद्यातून सुटत नाही. एकाच कंपनीचे ॲक्सल अनेक ट्रेलर कंपन्या वापरतात, म्हणून ॲक्सलमध्ये दोष निघाला की त्या सर्व कंपन्यांच्या ग्राहकांपर्यंत सूचना पोहोचते.

आपल्या देशात असा कायदा नाही, असे मला वाटत होते. तो आहे, हे समजल्यावर मला अधिक वाईट वाटले. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम २(२८) मध्ये ‘मोटार वाहन’ या शब्दाच्या व्याख्येतच ट्रेलरचा समावेश केलेला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ११०-अ नुसार, एखाद्या प्रकारच्या वाहनातील दोषामुळे चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरील इतरांना इजा होऊ शकत असेल, तर ती वाहने परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार उत्पादकाला देऊ शकते. दोष एखाद्या सुट्या भागात असेल, तर तो भाग बसवलेली सर्व वाहने, मग ती कोणत्याही प्रकारची असोत, परत बोलावता येतात. १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियमही लागू झाले असून त्यांत १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांनी माझ्या ॲक्सलचा विचार करून ठेवलेला होता.

अडचण पुढे येते. वार्षिक विक्रीच्या प्रमाणात ठरावीक संख्येने मालकांनी तक्रार करावी, ही नियमांतली अट मोटारकारच्या बाबतीत समजण्याजोगी आहे. माझ्या पुतण्याच्या कारमधील इंधन पंपाबाबत कंपनीचा संदेश त्याच्या मोबाइलवर आला आणि तासाभरात काम झाले. ट्रॉलीचे तसे नसते. तीन जिल्ह्यांतल्या गावांत विखुरलेले गिऱ्हाईक एकमेकांना ओळखत नाही, ट्रॉलीला मॉडेलचे सुटसुटीत नाव नसते, आणि तुटलेला ॲक्सल दुसऱ्या दिवशी पट्टी मारून पुन्हा रस्त्यावर येतो, कारण उसाच्या फडात तोडणी कामगारांची टोळी थांबलेली असते. अशा ठिकाणी तक्रारींची संख्या कधीच भरत नाही. शिवाय नियमांनी सात वर्षांच्या आतील वाहनांचीच दखल घेतली आहे. ट्रॉली शेतकरी एकदाच घेतो आणि मुलाच्या हाती सोपवतो. वेल्डिंगमधली चीर तर वर्षानुवर्षे वाढत असते. सात वर्षांची मर्यादा ट्रेलरला लावणे म्हणजे दोष उघड होण्याच्या सुमारास दार बंद करण्यासारखे आहे.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, ट्रेलरच्या ॲक्सल, हब आणि ड्रॉबार (ट्रॅक्टरला जोडणारा दांडा) या तीन भागांसाठी तक्रारींच्या किमान संख्येची वाट न पाहता, चाक निखळल्याच्या एका घटनेवरूनही चौकशी सुरू व्हावी आणि सात वर्षांची मर्यादा ट्रेलरपुरती वाढवावी. प्रत्येक ॲक्सलवर बनवणाऱ्याचे नाव, महिना आणि वजनक्षमता ठोकलेली असणे बंधनकारक करावे. आज बहुतेक ट्रॉल्यांवर रंगाशिवाय काही आढळत नाही. दोष ठरल्यावर मालकांना कळवण्याचे काम अवघड नाही, कारण पासिंग झालेल्या प्रत्येक ट्रॉलीच्या मालकाचा पत्ता परिवहन कार्यालयात आहे, आणि हंगामात ती ट्रॉली रोज कारखान्याच्या काट्यावर उभी असते. साखर कारखान्यांच्या शेतकी विभागाला चेसिस नंबरांची यादी दिली, तर आठवड्याभरात सदोष ट्रॉली सापडेल. परत बोलावण्याच्या काळात मालकाची खेप बुडू नये म्हणून दुरुस्ती हंगामाबाहेर, पावसाळ्यात करता यावी, एवढी सवलत मात्र असू द्यावी. अन्यथा आमच्यातला गरजवंत चीर पाहूनही गप्प बसेल.

दोषाची माहिती मालकांकडून किंवा चाचणी संस्थेकडून आली नाही, तरी ‘अन्य कोणत्याही स्रोताकडून’ आलेली माहितीही सरकारला ग्राह्य धरता येते, असे कलम ११०-अ मध्येच म्हटले आहे. माझे हे पत्र आपण त्या अर्थाने स्वीकारावे. तुटलेला ॲक्सल मी भंगारात दिलेला नाही. तो माझ्या गोठ्यात, ताडपत्रीखाली, तेल लावून ठेवला आहे, जेणेकरून तुटलेले तोंड गंजून ओळखू न येण्याइतके बिघडू नये. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने किंवा आपण नेमाल त्या संस्थेने तो न्यावा. पावत्या आणि बाकीच्या दोन ट्रॉल्यांच्या मालकांची लेखी संमती मी सोबत देईन. येता गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी ही तपासणी व्हावी, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक ऊस वाहतूकदार शेतकरी
तालुका वाळवा, जिल्हा सांगली